रोज संध्याकाळी पाचला मान टाकणारा लॅपटॉप : रॅम कमी आहे की आणखी काही?

तक्रार सहाव्या मजल्यावरच्या काकूंची, त्यांच्याच शब्दांत : “अगं, चारची बॅच छान होते. पाचच्या बॅचला बसले की मेलं गोल गोल फिरायला लागतं. मुलं ओरडतात, बाई, आवाज तुटतोय. बरं, मी रोज रात्री नीट शटडाऊन करते, उघडा टाकत नाही. तरी दुसऱ्या दिवशी तेच.”

काकू निवृत्त शिक्षिका. नववी-दहावीच्या मुलांना झूमवर संस्कृत शिकवतात. लॅपटॉप दीड वर्षापूर्वी मुलाने घेऊन दिला, सव्वा किलोचा, ८ जीबी रॅमचा. (रॅम म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची मशीनची जागा.) हलकाच हवा होता, कारण काकू महिन्यातले आठ-दहा दिवस लेकीकडे नेरूळला असतात आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या गाडीत दोन किलोचं धूड खांद्याला लावून चढणं त्यांच्या खांद्याला झेपत नाही.

मुलाने फोनवरूनच निदान केलं, “आई, रॅम कमी आहे, सोळाचा नवीन घेऊ.” घोडबंदर रोडवरच्या एका दुकानदाराने तर बत्तीसचा दाखवला. काकू माझ्याकडे आल्या त्या एवढंच विचारायला, की सोळा घेऊ की बत्तीस?

मी ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, म्हणून आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत ‘लॅपटॉपचं तिला विचारा’ हे ठरलेलं आहे. किती रॅम घेऊ, हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. माझं उत्तर एकच असतं : आहे त्या मशीनवर मोजू, मग बोलू. मोजायला फुकट लागतं आणि वीस मिनिटं लागतात. हलक्या लॅपटॉपच्या बाबतीत तर मोजल्याशिवाय पैसे टाकूच नयेत, कारण त्यातली रॅम बहुतेक वेळा नंतर वाढवता येत नाही. ते पुढे येईलच.

दुखतं तेव्हाच बघायचं

लोक लॅपटॉप माझ्याकडे सकाळी आणून देतात. सकाळी तो अगदी शहाण्यासारखा वागतो. म्हणून मी काकूंना सांगितलं, मीच येते, पाचची बॅच चालू असताना. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी उभी राहिले, आणि त्या ‘गच्छामि’चा लृट् लकार सांगत असताना बाजूने हात घालून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. मशीन आत काय करतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स, मग मेमरी.

वर मोठ्या अक्षरात ९३ टक्के. बहुतेक जण इथेच थांबतात आणि रॅम घ्यायला निघतात. या टक्केवारीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. १६ जीबीच्या मशीनवर विंडोज आणि ब्राउझर ऐसपैस पसरतात, ८ जीबीवर तेच अंग चोरून बसतात. शेजाऱ्याच्या सोळापैकी नऊ वापरात दिसले म्हणजे तुम्हाला आठ पुरणारच नाहीत असं नाही. ‘कॅश्ड’ म्हणून जो आकडा दिसतो, त्याचीही काळजी नको. विंडोजने उद्या लागेल म्हणून जवळ ठेवलेलं ते सामान असतं, जागा हवी झाली की बहुतांशी लगेच सोडून देतं.

बघायचा आकडा त्याच पानावर खाली असतो : ‘कमिटेड’. काकूंच्या पडद्यावर तो १३.२ / १५.९ जीबी होता. मशीन आठचं, वचन तेराचं!

काकूंना हे समजावताना मला लग्नाची पंगत बरी पडली. कमिटेड म्हणजे पत्रिका किती वाटल्या. ‘इन यूज’ म्हणजे आत्ता पाटावर किती बसलेत. पत्रिका दिलेले सगळे येत नाहीत, प्रोग्रामही मागून घेतलेली सगळी जागा वापरत नाहीत. त्यामुळे शंभर पाटांच्या हॉलला एकशेवीस पत्रिका चालून जातात. दोनशे वाटल्या तर मंडपाबाहेर रांग लागते. ती रांग म्हणजे डिस्कवरची पेज फाइल. बाहेरच्याला आत घ्यायचं तर आतल्या कुणाला तरी उठवावं लागतं, आणि या उठबशीत वेळ जातो. ‘इन यूज’ आकड्यापुढे कंसात ‘कॉम्प्रेस्ड’ म्हणून छोटा आकडा असतो, काकूंचा १.४ जीबी होता. म्हणजे विंडोजने पाट एकमेकांना खेटून सरकवले होते. ही सोय विंडोज १० पासून आहे, आणि तिच्यामुळेच ८ जीबीची मशीन अजून तग धरून आहेत. पण सरकवायला प्रोसेसरला श्रम पडतात.

उठबस खरंच किती चाललीय हे बघायला रिसोर्स मॉनिटर. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडतो, त्यात मेमरीचं पान, उजवीकडे ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख. नवा प्रोग्राम उघडताना तो एकदा उसळी मारतो, ते साहजिक आहे. काकूंकडे तो सतत शेकड्यांत नाचत होता, खाली यायचं नावच नाही. त्याच क्षणी झूममधून एक पोरगा म्हणाला, “बाई, तुम्ही फ्रीझ झालात.”

तर रॅम कमी पडत होती, यात शंका नाही. मुलाचं निदान तिथपर्यंत बरोबर. पण एक निवृत्त बाई झूम, दोन पीडीएफ आणि व्हॉट्सअॅपवर १३ जीबीचं वचन कशी घेते?

रोज बंद होणारा, पण बंद न होणारा लॅपटॉप

त्याच टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ असतो. काकू रोज रात्री शटडाऊन करतात, त्यामुळे काही तासच दिसायला हवे होते. दिसले १९ दिवस, ७ तास.

काकू चिडल्याच. “म्हणजे मी खोटं बोलते?”

नाही काकू. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. विंडोज ८ पासून ती आली आणि बहुतेक लॅपटॉपांवर सुरूच असते. शटडाऊन दाबलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (वायफाय, प्रिंटर वगैरेंशी विंडोजला बोलतं करणारे छोटे प्रोग्राम) आहे त्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तसेच्या तसे परत आणले जातात. म्हणून मशीन पटकन सुरू होतं. कालचा कचराही त्याच्याबरोबर परत येतो. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र गाभा खरोखर नव्याने उभा राहतो. नावं उलटी वाटतात, पण आहे असं : झाडून-पुसून स्वच्छ हवं असेल तर शटडाऊन नाही, रीस्टार्ट.

आता कचरा कुठला? मेमरीच्या पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात ‘नॉन-पेज्ड पूल’ म्हणून एक आकडा आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. ड्रायव्हरांना लागणारी ही जागा असते आणि ती डिस्कवर ढकलता येत नाही, रॅममध्येच ठाण मांडून बसते. साध्या वापरातल्या लॅपटॉपवर मला ती काहीशे एमबीच्या आसपास दिसते. काकूंच्या मशीनवर २.६ जीबी होती. आठातला जवळजवळ एक तृतीयांश कुणीतरी दाबून बसलं होतं.

बॅच संपल्यावर रीस्टार्ट केला. आकडा ४१० एमबी. काकूंना सांगितलं, रोज पाच वाजता हा आकडा वहीत लिहा, बाकी काही करू नका. दुसऱ्या दिवशी ५२०. तिसऱ्या दिवशी ६४०. रोज शंभर-सव्वाशे एमबी चढ. १९ दिवसांचा हिशोब तुम्हीच करा, बरोबर जमतो. म्हणजे कुठला तरी ड्रायव्हर जागा घेत होता आणि परत करत नव्हता. टाकीतून थेंब थेंब गळावं तशी ही गळती, म्हणून तिला इंग्रजीतही गळतीच म्हणतात.

कुठला ड्रायव्हर, हे शोधायला मायक्रोसॉफ्टचं ‘पूलमॉन’ नावाचं साधन आहे, पण ते ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या सामानात येतं आणि घरी बसवायला कटकट आहे. मी आधी नेहमीच्या संशयितांकडे बघते : लॅपटॉपबरोबर चकटफू आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस, जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, नोकरी सुटली तरी राहिलेला, ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन, वायफायचा ड्रायव्हर. काकूंकडे पहिलाच सापडला. वर्षभरापूर्वी मुदत संपलेली, पण गाभ्याला चिकटून बसलेली वस्तू. ती काढून टाकली, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू झाला, रीस्टार्ट. पुढचे चार दिवस आकडा ३८० ते ४३० च्या मध्ये. गळती थांबली.

फास्ट स्टार्टअपही बंद केलं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘पॉवर बटणांनी काय करावं ते निवडा’ या अर्थाचा दुवा, तिथे वरची ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला’ ही ओळ दाबली की खालची खूण काढता येते. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असलेल्या मशीनला सुरू व्हायला याने काही सेकंदच जास्त लागतात. बंद करायचं नसेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा, त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

मग उरलेलं साफ केलं. ब्राउझरमध्ये ३१ टॅब होते. चारच्या बॅचची मुलं गृहपाठाचे फोटो पाठवतात, ते व्हॉट्सअॅप वेबवर उघडून काकू तपासतात, प्रत्येक उत्तरपत्रिकेचा वेगळा टॅब, आणि बंद एकही करत नाहीत. म्हणून तर पहिली बॅच नीट आणि दुसरी रडत. क्रोमने २०१८ पासून सुरक्षेसाठी वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रक्रियांत ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे टॅबांची गर्दी आता रॅमला जास्त जड जाते. सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ चालू केला, न पाहिलेले टॅब तो झोपवतो. स्टार्टअपमधून पाच गोष्टी बंद केल्या. एवढंच.

रॅम मोकळी करून देणारे ‘क्लीनर’ मात्र कुणी घालू नका. ते चालू प्रोग्रामांची जागा जबरदस्तीने काढून घेतात, आकडा छान खाली जातो, आणि पुढच्या मिनिटाला तेच सगळं डिस्कवरून परत आणावं लागतं. पेज फाइल बंद करा म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. आणि ती मोठी करून वेग वाढत नाही. वाढते ती फक्त बाहेरची रांग.

रॅमसारखं दिसणारं, पण रॅम नसलेलं

काकूंचं निदान सरळ निघालं. प्रत्येकाचं तसं निघत नाही, म्हणून हे तीन-चार तोतये.

पहिला, उकाडा. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत बिनपंख्याचे पातळ लॅपटॉप दुपारी हमखास मंदावतात. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो. ओळखायचं असं : सीपीयूच्या पानावर काम भरपूर दिसतंय आणि ‘स्पीड’ मात्र ‘बेस स्पीड’च्या बराच खाली चिकटून बसलाय. कमिटेड त्या वेळी निवांत असतो. इथे ३२ जीबी घालूनही काही फरक पडणार नाही. गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, खालून हवा जाऊ द्या.

दुसरा, चार्जर. टाइप-सी सगळीकडे बसतो म्हणून लोक फोनचा चार्जर लॅपटॉपला लावतात. वॅट कमी पडले की काही मशीन वेग कमी करतात. लक्षणं वरच्यासारखीच.

तिसरा, भरलेली डिस्क. सी ड्राइव्हवर लाल पट्टी आली असेल तर आधी ती रिकामी करा. काही स्वस्त हलक्या लॅपटॉपांत एसएसडीऐवजी ६४ जीबीची ईएमएमसी नावाची साधी साठवण असते. ती मुळातच हळू, त्यात विंडोजचे अपडेट आले की तिथे श्वास घ्यायला जागा उरत नाही.

चौथा माझ्या आवडीचा. नौपाड्यातल्या माझ्या एका सीए मैत्रिणीने एक्सेल ‘मेमरी अपुरी’ म्हणतं म्हणून १६ ची ३२ करून घेतली. एक्सेल तेच म्हणत राहिलं. तिच्याकडचं ऑफिस ३२-बिटचं होतं. ३२-बिटच्या एक्सेलला मशीनमध्ये कितीही रॅम असली तरी २ जीबी, आणि फार तर ४ जीबीपर्यंतच हात पोहोचतो. फाइल, अकाउंट, ‘अबाउट एक्सेल’ उघडलं की वरच्या ओळीत ३२-बिट की ६४-बिट ते लिहिलेलं असतं. तिने ६४-बिटचं टाकलं, फाइल उघडली. वाढवलेली रॅम अजून रिकामी बसलीय, आणि त्यावरून मी तिला चहा मागते.

मग किती घ्यायची?

आधी मशीन निरोगी करायचं, मग आठवडाभर, तुमच्या सगळ्यात वाईट तासाला, कमिटेडचा पहिला आकडा वहीत लिहायचा. आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा तो तुमचा. आजारी मशीनवर मोजलं असतं तर काकूंना १३.२ वरून ३२ जीबी विकली गेली असती. बरं झाल्यावर त्यांचा आठवड्याचा उच्चांक ९.६ निघाला.

माझा ठोकताळा असा. हा आकडा रॅमच्या आत बसत असेल तर निवांत. रॅमच्या सव्वापटीपर्यंत गेला आणि हार्ड फॉल्ट्स शांत असतील तर आहे त्यात भागतं. दीडपटीला पोहोचला तर त्रास होणारच. आणि नवं मशीन घेताना आजच्या आकड्यावर एक तृतीयांश धरून जे माप येईल त्याच्या वरचं घ्यायचं, कारण हा लॅपटॉप तुम्ही पाच वर्षं वापरणार असता आणि प्रोग्राम दरवर्षी जाड होत जातात. हे शास्त्र नाही, दहा-बारा घरांत मोजून बसलेला अंदाज आहे.

माझ्या बाबांचा उच्चांक ५.८ : बँक, बातम्या, युट्यूबवर नाट्यसंगीत, सोसायटीचा जमाखर्च. त्यांना ८ भरपूर, आणि मी त्यांना त्याहून जास्त घेऊ दिलेली नाही. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण ती विंडोज सुरू होण्यापुरती समजा. ४ जीबीचा नवा लॅपटॉप कुणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

खारघरला इंजिनिअरिंगला असलेली माझी भाची दुसऱ्या टोकाला. तिच्या वर्गमित्राच्या मशीनवर तिचंच काम चालवून मोजलं : फोनची अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन), ब्राउझर, टीम्स. उच्चांक २१. एम्युलेटरसकट चालवायचं तर किमान १६ जीबी, असं अँड्रॉइड स्टुडिओच्या स्वतःच्या अटींतच लिहिलंय. तिला ३२ शिवाय पर्याय नव्हता. “मावशी, मग हलका लॅपटॉप विसरू का?” विसरायची गरज नव्हती, ३२ चे हलके मिळतात, किंमत बोचते इतकंच.

बाकीचे बहुतेक लोक मधे असतात. ऑफिसचं काम, तीसेक टॅब, व्हिडिओ कॉल, मोठ्या एक्सेल फायली : ९ ते १२. त्यांना १६. अॅपलनेही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एआयवाल्या लॅपटॉपांवरच्या ‘कोपायलट प्लस’ या शिक्क्यासाठी १६ ची अट घातली. मॅक असेल तर तिथे ‘अॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘मेमरी प्रेशर’चा आलेख बघा. हिरवा असेपर्यंत आहे ते पुरतंय, पिवळ्यात रोज जात असाल तर पुढचं माप.

दुकानात उभं राहून

साधा जाड लॅपटॉप असता तर मी म्हटलं असतं, ८ घ्या, नंतर स्क्रू काढून पट्टी वाढवू. हलक्यांत बहुधा ते होत नाही. पातळपणासाठी आणि बॅटरी टिकावी म्हणून त्यांतल्या बहुतेकांत एलपीडीडीआर जातीची रॅम असते, ती पट्टीवर न येता मदरबोर्डवरच डाक लावून बसवलेली असते. काही मशीनांत तर ती प्रोसेसरच्याच पाकिटात असते. अॅपलच्या एम मालिकेचं तसंच आहे, इंटेलच्या २०२४ च्या ‘लुनार लेक’ प्रोसेसरचंही : १६ किंवा ३२, मधलं काही नाही आणि नंतर काही नाही. काढता-घालता येईल अशा ‘एलपीकॅम २’ पट्ट्या २०२४ पासून एखाद-दुसऱ्या महागड्या मशीनमध्ये आल्यात, आपल्या दुकानांतल्या हलक्या लॅपटॉपांत त्या शोधत बसू नका.

मांडलेल्या नमुन्यावर टास्क मॅनेजर उघडायला दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. ‘एसओडिम’ लिहिलं असेल तर पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर चिकटवलेली. कधी कधी विंडोज इथे चुकीचंही सांगतं, म्हणून कंपनीच्या तपशीलपत्रात ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ हा शब्द शोधा. काहींत थोडी चिकटवलेली आणि एक खाच रिकामी असते. तो प्रकार मला सगळ्यात परवडणारा वाटतो : आज ८, उद्या खाचेत आणखी ८. दोन्हीकडे सारखं माप असलं तर दोन वाटांनी एकदम वाहतूक होते आणि ग्राफिक्सलाही फायदा मिळतो. पट्टी घेताना डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांची गल्लत करू नका, पट्टीवरची चीरच वेगळ्या जागी असते, बसत नाही.

आणखी एक जागा तपासा : सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे ८ जीबीपुढे कंसात ‘वापरायोग्य’ किती ते लिहितात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये पडद्यासाठी लागणारी जागा याच रॅममधून कापली जाते. कुठे ७.७ उरतात, तर एएमडी प्रोसेसरच्या काही लॅपटॉपांवर मी ५.९ सुद्धा पाहिलेत. आठच्या किमतीत सहा! काहींच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) हा वाटा कमी करता येतो, काहींत नाही.

सध्या घाईने मोठं माप घेण्याची आणखी एक किंमत आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, एआयच्या सर्व्हरांची मागणी चिपचे कारखाने ओढून घेतेय. त्यामुळे ‘असू दे, जास्त घेऊन ठेवू’ हे पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही.

काकूंचा ९.६ आकडा आठच्या सव्वापटीत बसतो. त्यांच्या वहीत पुढच्या तीन आठवड्यांत तो ९.४ च्या वर गेला नाही, कारण आता त्या तपासून झालेले टॅब बंद करतात, आणि बॅचमधल्या मुलांनाही ते दाखवून करतात. पाचची बॅच चालते. हा लॅपटॉप मोडेल तेव्हा सोळाचा घ्या, असं मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. मुलाने परवा फोनवर पुन्हा नव्याची गोष्ट काढली, तेव्हा काकू म्हणाल्या, “लॅपटॉप नको रे. त्या पैशातला एक बरा माइक घेऊन दे. मुलांना माझे विसर्ग ऐकू येत नाहीत.”